शिडी मागू नका, वेळापत्रक मागा: धरणाची वीज आणि नदीतले मासे

प्रश्न विचारणाऱ्या तरुणाचं म्हणणं थोडक्यात असं. त्याच्या गावाजवळ धरणाच्या पायथ्याला एक लहान पॉवर हाऊस आहे, बरीच वर्षं बंद पडलेलं. आता एक कंपनी ते दुरुस्त करून चालवणार आहे. गावात दोन तट पडलेत. काहींना वाटतं चार पोरांना काम मिळेल, रस्ता होईल. खालच्या वस्तीतले भोई म्हणतात, नदीतला मासा संपेल. कंपनी म्हणते, आम्ही दरवर्षी तलावात बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची माशांची पिल्लं, सोडू. पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे. त्याचा प्रश्न: "कंपनीकडं फिश लॅडर, म्हणजे माशांना भिंत चढून जायची शिडी, मागावा का? तो बांधला तर वीज आणि मासे दोन्ही होतील का?"

दादा, उत्तर लांबणार आहे. माझी नोकरी यांत्रिकी बाजूची. मराठवाड्यातल्या आणि बाहेरच्याही लहान विद्युतगृहांवर बरीच वर्षं शिफ्ट केल्या. निवृत्तीनंतर दोन-तीन मच्छीमार संस्थांना मदत करतो, म्हणजे मी दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्लेला माणूस आहे. त्या अनुभवावरून सांगतो, लॅडरचा प्रश्न तिसऱ्या पायरीवरचा आहे. पहिल्या दोन पायऱ्या तुम्ही ओलांडून गेलात.

पहिली पायरी: मासे म्हणजे कोणते मासे? गावात सगळे एकच शब्द वापरतात आणि तिथंच घोळ होतो. तलावात ठेका घेऊन संस्था कटला, रोहू, मृगळ सोडते. हे मुळात उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातले मासे, आपल्याकडं आणून वाढवलेले. दरवर्षी बोटुकली टाकली की दरवर्षी पीक. दुसरे मासे नदीचे स्वतःचे. शिवडा, शिंगटा, वाम, मरळ, कानस, आणि जुनी माणसं अजून ज्याची आठवण काढतात ती खडशी. हे कुणी सोडत नाही. पहिल्या पुराचं गढूळ पाणी आलं की चढणीला लागतात, उथळ पाण्यात अंडी घालतात, उन्हाळ्यात डोहात दम धरून बसतात. कंपनी बोटुकलीची भाषा करते तेव्हा ती पहिल्या माशांबद्दल बोलत असते. भोई बोलतात दुसऱ्यांबद्दल. दोघंही खरं बोलतात आणि एकमेकांना खोटं ठरवतात.

दुसरी पायरी: टर्बाइनमधून निघालेलं पाणी कुठं पडतं? कालव्यात की नदीत? हे आधी जाऊन बघा, कारण आपल्याकडची बरीच लहान विद्युतगृहं कालव्याच्या मुखाशी असतात. तुमचं तसं असेल तर भांडणाचा सगळा नकाशाच बदलतो. कालव्याचं पाणी रब्बीच्या आवर्तनाला सुटतं, टर्बाइन असो वा नसो. त्यातून गेलेला मासा कालव्यात जातो, आणि पाणीपाळी संपून कालवा आटला की पोरं टोपल्या घेऊन तळातले मासे वेचायला धावतात. तो मासा टर्बाइनमुळं नाही, आवर्तनामुळं गेला. तिथं मागायची गोष्ट एकच, मुखाशी चांगली जाळी. ती कशी असावी ते पुढं सांगतो.

पाणी नदीत पडत असेल तर मात्र पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आता थोडा आकाराचा अंदाज घेऊ. कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवलं ते मुख्यतः विजेसाठी, आणि तिथं १,९६० मेगावॅट बसवलेत. आपल्याकडं तसं नाही. येलदरीला साडेसात मेगावॅटचे तीन संच, म्हणजे २२.५. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याला १२ मेगावॅटचा एक संच, तोही उलटा फिरून खालचं पाणी पुन्हा वर चढवणारा. माजलगावला सव्वादोन. हे तिन्ही मिळून ४० मेगावॅटही भरत नाहीत. मराठवाड्यात धरणं झाली ती शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी. वीज ही त्या पाण्याच्या वाटेवर मिळालेली वरकमाई. एकीकडं याचा अर्थ असा की वीज थांबवून नदी वाचेल, हे खरं नाही; नदी आधीच अडवलेली आहे. दुसरीकडं असा की विजेसाठी म्हणून वेगळं पाणी कुणी सोडणार नाही. म्हणजे भांडण पाणी किती यावर कमी आणि कधी, किती वेगानं सोडायचं आणि कसं थांबवायचं यावर जास्त आहे.

"कसं थांबवायचं" हे मी एका रात्री शिकलो. ठिकाण सांगत नाही. नोव्हेंबरचा महिना, मी शिफ्टवर. संच पूर्ण भारावर चालू होता, रात्री दीडच्या सुमारास बाहेरच्या लाइनवर बिघाड झाला आणि संच ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. अशा वेळी गाइड व्हेन, म्हणजे टर्बाइनला पाणी देणाऱ्या झडपा, काही सेकंदांत बंद होतात, व्हायलाच हव्यात, नाहीतर संचाचा वेग हाताबाहेर जातो. यंत्र वाचलं. आम्ही खूश. लाइन यायला सकाळचे सात वाजले. तोपर्यंत नदीत एक थेंब सोडला नव्हता, कारण बायपासचा, म्हणजे टर्बाइनला वळसा घालून पाणी थेट नदीत सोडायचा, व्हॉल्व्ह कधी उघडायचा याचा कुठं नियमच नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो गंजून बसला होता. सकाळी चहाला म्हणून खाली उतरलो तर खडकांच्या खळग्यांत बोट-दोन बोट लांबीची पिल्लं पडलेली. काही जिवंत होती, तोंड वर करून हवा घेत होती. बाकीच्यांवर बगळे आणि कावळे तुटून पडले होते. भोई वस्तीतल्या एक आजी पाटीत मोठे मासे टाकत होत्या. मला बघून म्हणाल्या, "साहेब, तुमच्या पाण्याला काही टायम हाय का नाही?" मला काही बोलता आलं नाही. पुढं आम्ही तो व्हॉल्व्ह दुरुस्त करून घेतला आणि नोंदवहीत एक ओळ घातली: संच ट्रिप झाल्यास दहा मिनिटांच्या आत बायपास उघडायचा. एवढ्या एका ओळीनं जे झालं ते कुठल्याही लॅडरनं झालं नसतं.

यामागचं कारण समजून घ्या, कारण ग्रामसभेत तुम्हाला तेच समजावून सांगावं लागेल. संच सुरू झाला की खालच्या पात्रात पाणी चढतं, काठाचा उथळ भाग भरतो. लहान पिल्लं नेमकी तिथं जातात. तिथं प्रवाह मंद असतो, खाद्य असतं, मोठा शिवडा पोचत नाही. मग संच बंद झाला, पाणी अर्ध्या तासात हातभर खाली गेलं, की ती पिल्लं मागं राहिलेल्या खळग्यांत अडकतात. मोठा मासा पाण्याबरोबर सरकतो, पिल्लाला तेवढा वेळ मिळत नाही. मरळीचं तर आणखी अवघड. ती काठच्या गवतात घरटं करून राखण करते. रोज चढ-उतार झाला की घरटंच उघडं पडतं. म्हणून माझा ठोकताळा असा: पाणी चढवताना थोडी घाई चालेल, उतरवताना चालणार नाही. पात्रातली पातळी ताशी १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरू नये, आणि जुलै ते ऑक्टोबर या पिल्लांच्या महिन्यांत त्याहून हळू. प्रत्येक नदीचं पात्र वेगळं. खडकाळ, खळग्यांचं पात्र असेल तर हा आकडा कमी धरा, सरळ वाळूचं असेल तर थोडं जास्त चालतं.

कंपनी म्हणेल, यानं आमचं उत्पादन बुडतं. बुडतं का, ते हिशेबानं बघू. १ घनमीटर प्रति सेकंद पाणी, म्हणजे साधारण ३५ क्युसेक, २० मीटर उंचीवरून पडलं आणि संचाची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर जवळपास १६७ किलोवॅट मिळतात. दिवसभर चाललं तर ४,००० युनिट. आता समजा त्यांच्याकडं दिवसाला जे पाणी आहे ते चार तासांत धाडकन सोडलं किंवा चोवीस तासांत सावकाश सोडलं. पाणी तेवढंच, उंची तेवढीच, तर युनिट जवळजवळ तेवढेच. फरक दोन ठिकाणी पडतो. एक, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळची वीज महाग विकली जाते. दुपारी सौर वीज मुबलक झाल्यापासून तर संध्याकाळी पाण्याच्या संचाला मागणी वाढतच चाललीय, आणि ही भानगड पुढं वाढणार आहे. दोन, मोठा संच कमी भारावर नीट चालत नाही. फ्रान्सिस जातीचं टर्बाइन ४० टक्क्यांच्या खाली आणलं की थरथरतं, रनरवर, म्हणजे त्याच्या फिरत्या चाकावर, खड्डे पडतात. हे बहाणे नाहीत, मी स्वतः ते रनर वेल्डिंग करून भरलेत.

म्हणून मी नेहमी सुचवतो की मोठ्या संचाच्या शेजारी एक लहान संच बसवा. शंभर-दीडशे किलोवॅटचा. तो नदीसाठीचं किमान पाणी सोडत राहील आणि त्यातूनच वीजही करेल. मोठा संच संध्याकाळी चालवा, हळूहळू चढवा, हळूहळू उतरवा. तो बंद झाला तरी लहान चालू. लहान ट्रिप झाला तर बायपास. नदीसाठी सोडलेलं पाणी कंपनीच्या डोळ्यांत "वाया" दिसत नाही, ही त्यातली खरी गंमत. दुरुस्तीच्या वेळी पेनस्टॉकला, म्हणजे टर्बाइनकडं पाणी नेणाऱ्या नळाला, फाटा काढून ठेवायचा खर्च थोडा असतो, नंतर काढायचा म्हटलं तर सगळं फोडावं लागतं. त्यामुळं मागायची वेळ आत्ताच आहे.

आता किमान पाणी किती? इथं मी तुम्हाला एक आकडा सांगून मोकळा होऊ शकत नाही. नव्या जलविद्युत प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देताना केंद्राची तज्ज्ञ समिती साधारणपणे कोरड्या हंगामात २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के आणि बाकीच्या काळात या दोहोंच्या दरम्यान प्रवाह सोडायला सांगते. हे टक्के ९० टक्के विश्वासार्ह वर्षाच्या प्रवाहावर काढतात, म्हणजे दहापैकी नऊ वर्षं जेवढं पाणी येतंच त्यावर. गंगेसाठी तर २०१८ च्या ऑक्टोबरात केंद्रानं किमान प्रवाहाची अधिसूचनाच काढली. पण ती गंगा म्हणजे उत्तरेची गंगा. आपण गोदावरीला गंगा म्हणतो म्हणून ती आपल्याला लागू होत नाही!

आणि समजा लागू झाली, तरी मला आपल्या उपनद्यांबद्दल शंका आहे. सिंदफणा, दुधना, मांजरा या धरणं नसतानाही उन्हाळ्यात बारमाही खळखळ वाहत नव्हत्या. मार्च-एप्रिलमध्ये धार तुटायची, पाणी डोहात राहायचं आणि मासा डोहात राहायचा. आपला मासा वाहत्या पाण्याच्या जिवावर उन्हाळा काढत नाही, डोहाच्या जिवावर काढतो. एक हिशेब करा: १ घनमीटर प्रति सेकंद ऑक्टोबर ते मे सतत सोडलं तर २१ दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी लागतं. जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी, तिथं ते एक टक्का. तुमचं धरण ५० दलघमीचं असेल तर तेच पाणी चाळीस टक्के! गावातला एकही शेतकरी याला हात वर करणार नाही, आणि करूही नये. ज्या प्रदेशात जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली राहिली की नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावर दर दिवाळीला कोर्टकचेरी होते, तिथं नुसती टक्केवारी पुढं करून काही मिळत नाही.

म्हणून लहान धरणाच्या बाबतीत मी सतत धारेचा हट्ट धरत नाही. डोह भरलेले ठेवायला मागतो. धरणाखालच्या सात-आठ किलोमीटरांतले मोठे डोह भोयांना नावानिशी माहीत असतात. कुठला कधी आटतो, कुठल्यात एप्रिलमध्ये कमरेएवढं पाणी उरतं, हे ते सांगतील. आवर्तन सुटेल तेव्हा त्यातलं थोडं पाणी नदीत सोडून ते डोह भरून घ्यायचे. पाणी थोडं लागतं, वेळेवर लागतं. आणि त्याच डोहातून वाळू उपसली जात असेल तर बाकीचं सगळं व्यर्थ आहे. माझं मत विचाराल तर मराठवाड्यातल्या नदीच्या माशाचा सगळ्यात मोठा शत्रू टर्बाइन नाही, पोकलेन आहे. पण तो वेगळा विषय, आणि त्यावर ग्रामसभेत बोलायला छाती लागते.

इथवरचं थोडक्यात: पाणी कालव्यात पडतं की नदीत ते बघा. नदीत पडत असेल तर हळू उतरवणं, ट्रिपच्या वेळी बायपास आणि लहान संच या तीन गोष्टी लेखी मागा. आणि डोह. आता टर्बाइनच्या आत काय होतं ते सांगतो, कारण लोकांची सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते.

टर्बाइन म्हणजे मिक्सर नाही. लहान मासा बहुतेक वेळा पार होतो. पात्याचा फटका बसण्याची शक्यता माशाच्या लांबीवर, पात्यांच्या संख्येवर आणि वेगावर अवलंबून असते. कॅप्लन टर्बाइनला चार-पाच रुंद पाती, मधे मोठ्या फटी. फ्रान्सिसला पाती जास्त, फटी अरुंद, म्हणून तिथं इजा जास्त. तीन इंची पिल्लू जिथून सुटतं तिथं दोन किलोचा कटला सुटत नाही. दुसरी इजा दाबाची. खोलवरून ओढलेला मासा क्षणात कमी दाबात येतो आणि त्याच्या पोटातला हवेचा फुगा फुगतो. रोहू-कटल्याच्या जातीत त्या फुग्याला अन्ननळीशी जोडणारी नळी असते, हवा थोडी तरी सोडता येते. सगळ्या माशांना ती सोय नसते.

यावर उपाय मुखाशीच करायचा. जुन्या विद्युतगृहांना तीन-चार इंच अंतराच्या गजांची जाळी असते. ती ओंडके अडवायला आहे, मासे नाही. अंतर इंचभर केलं तर मोठा मासा अडतो, पण पहिल्या पावसात जलपर्णी आणि प्लास्टिक येऊन जाळी अशी तुंबते की आत पाणी जात नाही. २० मीटरच्या उंचीवर जाळीमुळं एक फूट पातळी पडली तर दीड टक्का वीज गेली. म्हणून जाळी बारीक करायची तर ती मोठीही करावी लागते. मी हिशेब असा करतो: वीतभर लांबीचा मासा दीर्घकाळ पोहू शकतो तो वेग सेकंदाला साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर. मग जाळीसमोरचा वेग ३० सेंटिमीटरच्या वर नको. १० घनमीटर पाणी घ्यायचं तर जाळीचं क्षेत्रफळ ३३ चौरस मीटर हवं. कंपनीच्या नकाशावर फुटपट्टी लावून हे कुणीही तपासू शकतो. सोबत कचरा काढायचा रेक आणि तो चालवायला माणूस. गावातल्या चार पोरांना काम म्हणतात ना, ते हे.

पैठणसारख्या उलट्या फिरणाऱ्या संचाला जाळी दोन्हीकडं लागते, कारण तिथं मासा दोनदा ओढला जातो, एकदा वरून, एकदा खालून. तुमच्याकडं तसं काही नाही असं दिसतं.

एक गोष्ट कागदावर कधी येत नाही, ती म्हणजे वास. मे महिन्यात संच सुरू केला आणि खालच्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास आला तर समजा तळाचं, प्राणवायू संपलेलं पाणी बाहेर येतंय. माशाला लिटरला ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा. तीनच्या खाली गेला की तो वर येऊन तोंड उघडायला लागतो. ड्राफ्ट ट्यूबमध्ये, म्हणजे टर्बाइनमधून पाणी बाहेर सोडणाऱ्या नळात, हवेचा झडप-मार्ग असेल तर तो उघडा ठेवायचा, किंवा थोडं पाणी बायपासमधून फवाऱ्यासारखं उडवायचं. कंपनीला माशांची फिकीर नसली तरी यात तिचाही फायदा आहे: ते पाणी तांब्याचे कूलर काळे करतं, खातं. उथळ, वाऱ्यानं ढवळणाऱ्या तलावात ही अडचण कमी असते. भिंतीपाशी पाणी किती खोल आहे त्यावर ते ठरेल.

आता लॅडर. परदेशातल्या सालमन माशाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारत चढणारा. तो मासा समुद्रातून जन्माच्या ओढ्याकडं निघालेला असतो आणि उडी मारणं हे त्याच्या अंगात आहे. आपला शिवडा, आपली कानस तशी उडी मारत नाही. ती पुराबरोबर, काठाकाठानं चढते. शिवाय आपल्या तलावाची पातळी वर्षात कित्येक मीटर खाली-वर होते, त्यामुळं शिडीचं वरचं तोंड अर्धा वेळ कोरडं. जायकवाडीची भिंत ४१ मीटर उंच आहे. अशा भिंतीवर शिडी बांधायची म्हणजे पैसा सिमेंटात घालून फोटो काढायचा. आणि चढला समजा, तर तो पोचतो स्थिर पाण्यात. अंड्यांसाठी त्याला वाहतं पाणी हवं असतं.

ही अंड्यांची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. रोहू-मृगळाच्या जातीच्या माशांची अंडी चिकट नसतात, प्रवाहाबरोबर वाहतात आणि पंधरा-अठरा तासांत फुटतात. सेकंदाला अर्धा मीटर वेग धरला तर अठरा तासांत अंडं ३२ किलोमीटर जातं. वाटेत स्थिर पाणी लागलं की ते तळाच्या गाळात बसतं आणि गुदमरतं. आता गोदावरी बघा: पैठणखाली आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, लोणी सावंगी, ढालेगाव, मुद्गल, दिग्रस, अंतेश्वर, विष्णुपुरी... बंधाऱ्यांची माळच आहे. अंड्याला बत्तीस किलोमीटर मोकळं पाणी कुठं मिळणार? मिळतं ते फक्त पावसाळ्यात दरवाजे उघडे असतील तेव्हाच.

यातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याचं. २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाभळीचे दरवाजे दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे. भांडण दोन राज्यांच्या पाण्याचं होतं, माशाचा त्यात कुणाच्या मनात विचारही नसावा. पण तारखा बघा, चढणीचा हंगाम जवळपास पूर्ण त्यात बसतो. कोर्टानं नकळत माशांना दार उघडून दिलं. एक दमडीचा लॅडर नाही, नुसतं वेळापत्रक.

तुमच्या धरणाला हे करता येणार नाही, भिंत भिंतच राहणार. पण खाली दोन-चार कोल्हापुरी बंधारे असतीलच. त्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, मृगाच्या आधी निघतात का, आणि पाणी अडवायच्या घाईत सप्टेंबरलाच बसतात का, ते बघा. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबता आलं तर पिल्लं खाली-वर फिरतात. अर्थात पाऊस लवकर गेला त्या वर्षी कुणी थांबणार नाही, तेवढं समजून घ्यावं लागतं. शिडी बांधायचीच असेल तर अशा दोन-तीन मीटरच्या बंधाऱ्याला दगडांचा मंद उतार करा, त्यावरून आपला मासा चढतो. कंपनीकडं लॅडरऐवजी हे मागा. आणि बंधारा विद्युतगृहाच्या लगेच खाली असेल तर तो आणखी एका कामाचा: संचाचा चढ-उतार तो स्वतःच्या पोटात घेतो आणि पुढं पाणी सारखं सोडता येतं. येलदरीच्या खाली सिद्धेश्वर धरण आहे, तिथं हे आपोआप होतं.

बोटुकलीबद्दल कंपनीला नाही म्हणू नका, पण तेवढ्यावर गप्पही बसू नका. लोणावळ्याला वळवणच्या तलावावर टाटांच्या वीज कंपनीनं महसीरचं, म्हणजे आपल्या खडशीच्या जातीचं बीज तयार करायचं काम कित्येक वर्षं केलं. वीज कंपनीला हे जमतं याचा तो पुरावा आहे. मग तुमच्या कंपनीलाही विचारा, कुठल्या माशाचं बीज? नदीतलं की बाजारातलं? कटला-रोहू सोडला तर ठेकेदार खूश, नदीला काही नाही. आणि बीज देणाऱ्याकडून चिलापी, म्हणजे परदेशी तिलापिया, मिसळून येत नाही ना, हे डबे उघडल्यावर स्वतः बघा. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तिथल्या प्राध्यापकांना एकदा बोलवा, ते मासे ओळखून नोंद करून देतील.

आणि एक नको असलेली गोष्ट भोयांना तुम्हीच सांगायची आहे, कंपनीनं सांगितली तर भांडण होईल. पहिल्या पुरात चढणीचा मासा धरणाच्या पायथ्याशी येऊन अडतो, पोटात अंडी घेऊन. तिथं जाळं टाकलं की एका रात्रीत जेवढं मिळतं तेवढं महिनाभर मिळत नाही, हे मलाही माहीत आहे. पण विद्युतगृहाखालचे दोन-तीनशे मीटर पहिले दोन महिने सोडून द्यायला ते स्वतःहून तयार झाले, तर कंपनीसमोर त्यांच्या बाकीच्या मागण्यांना वजन येतं. एका ठिकाणी लोकांनी हे केलं, बदल्यात कंपनीनं ट्रिप झाल्यावर आणि संच सुरू करायच्या आधी भोंगा वाजवायचं कबूल केलं. कपडे धुणाऱ्या बायांनाही त्याचा उपयोग झाला.

ग्रामसभेला अजून महिना आहे. तोवर एक काम करा. पॉवर हाऊसच्या खाली एखाद्या पक्क्या खडकावर रंगानं सेंटिमीटरच्या खुणा करा आणि भोई वस्तीतल्या एका शाळकरी पोराला वही द्या. सकाळ-संध्याकाळ पातळी, कोणता मासा कुठं मिळाला, कुठला डोह किती भरला, एवढंच लिहायचं. संच सुरू होण्याआधीची नदी कशी होती याची तुमच्याकडं नोंद राहील. वहीच्या पहिल्या पानाचा फोटो आणि पाणी कालव्यात पडतं की नदीत, हे मला इथंच कळवा, मग जाळीचा आणि लहान संचाचा हिशेब तुमच्या आकड्यांवर करून देतो.